शेवटच्या खांबावरचे घर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





गुणगौरवाच्या दिवशी पाहुण्याने तालीम, शिस्त आणि चारित्र्य यांवर चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. तेव्हा आजच्या कार्यक्रमपत्रिकेत 'वादळ आणि वीज' हा विषय पाहून काही पालकांना नवल वाटले असेल. चालकांनी हा विषय सुचविला आणि मी तो आनंदाने स्वीकारला. कारण हा विषय खांबांपासून आणि तारांपासून सुरू होत असला, तरी तो अखेरीस तालिमीपाशीच येऊन थांबतो, असे माझे मत आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस, येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडचे मंडणगड व दापोली या तालुक्यांनी तो मारा सोसला. येथे बसलेल्यांपैकी अनेकांची गावे याच पट्ट्यात आहेत. नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, घरांची कौले व पत्रे कसे उडाले, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि गुजरातेत जमिनीवर आले. जाता जाता त्यानेही कोकणाला झोडपले.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. 'निसर्ग'चा वारा एका दुपारचा होता. संध्याकाळपर्यंत तो घाटमाथ्याकडे निघून गेला. अंधार मात्र एका रात्रीचा नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी काही दिवसांनी दिवे लागले, पण आतल्या वाड्यांना आणि मोहल्ल्यांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागले. वीज नाही म्हणून नळपाणी योजनेचा पंप बंद, पंप बंद म्हणून पाणी नाही. पिठाची गिरणी बंद. मोबाइलचा मनोरा बंद, त्यामुळे मुंबईच्या किंवा आखातातल्या मुलाला आईची खुशाली कळत नाही. त्यात तो टाळेबंदीचा काळ. शाळा बंद होत्या आणि जे काही शिक्षण चालले होते ते मोबाइलवरून. ज्या घरी वीज नाही, त्या घरच्या मुलाची शाळा दुसऱ्यांदा बंद झाली, असेच म्हणावे लागेल.

वारा काही तासांचा आणि अंधार आठवड्यांचा. हे अंतर कोठून येते आणि ते कमी करता येते काय, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. जगभरचे अनेक संशोधक आज याच प्रश्नावर काम करीत आहेत.

प्रथम वाऱ्याचा हिशोब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरच्या फळीवर सुमारे १७ किलोंचा भार टाकतो. १२० किलोमीटरचा वारा त्याच फळीवर ६८ किलो टाकतो. आणि १८० किलोमीटरचा वारा, म्हणजे ३ मे २०१९ रोजी ओडिशात पुरीजवळ आलेल्या 'फनी' वादळासारखा, दीडशे किलोंच्या वर जातो. नुसता खांब असता तर त्याने पुष्कळ सोसले असते, कारण खांब बारीक असतो. पण खांबाला तारा आहेत, तारांशेजारी आंबा, माड आणि सुरू आहेत. झाड तारेवर पडते, तार खांबाला ओढते, तो खांब शेजारच्या खांबाला ओढतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने लोखंडी खांब बुंध्याशी आधीच गंजलेला असतो. म्हणून एक झाड पडले की खांबांची ओळच्या ओळ लोळते.

आता दुसरा हिशोब, तो दुरुस्तीचा. वीज आपल्या घरी येते ती माडाच्या झावळीसारखी. झावळीचा मधला दांडा म्हणजे उपकेंद्रातून निघालेली मोठी वाहिनी, तिला आपण फीडर म्हणतो. दोन्ही बाजूंची पाती म्हणजे गावागावांकडे जाणाऱ्या शाखा. शाखेवर रोहित्र, म्हणजे आपली नेहमीची डीपी, आणि तिथून घरोघरी जाणाऱ्या तारा. दांडा मोडला तर पुढची सगळी पाती अंधारात जातात. त्यामुळे दुरुस्ती उपकेंद्राकडून टोकाकडेच करावी लागते, कारण मागचा खांब उभा राहिल्याशिवाय पुढच्या खांबाला वीज मिळणार नाही. शिवाय जिथे एका दिवसाच्या श्रमाने दोन हजार घरे उजळतात, तिथे आधी माणसे पाठविली जातात, आणि जिथे तेवढ्याच श्रमाने पाच घरे उजळणार, ती जागा यादीच्या तळाला जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मी मानत नाही. 'निसर्ग'नंतर इतर जिल्ह्यांतून आलेल्या लाइनमन मंडळींनी भर पावसात, साथीच्या दिवसांत खांब उभे केले, त्यांचे ऋण आपल्यावर आहे. परंतु या हिशोबाचा परिणाम असा, की शेवटच्या खांबावरचे घर दर वादळात शेवटचेच राहते. आणि त्या घरात कोण आजारी आहे, कोण म्हातारे आहे, हे या हिशोबात कोठेच लिहिलेले नसते.

शेवटच्या घराचा अंधार मोजता येतो काय? येथे मी आपल्याला एका संशोधकाची ओळख करून देतो. त्यांचे नाव मिगेल रोमान. कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचे बेट आहे. ते अमेरिकेच्या सत्तेखाली असून तेथील लोकांची भाषा स्पॅनिश आहे. रोमान मूळचे त्याच बेटावरचे आणि अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेत शास्त्रज्ञ होते. २० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' नावाचे महाभयंकर वादळ या बेटावरून गेले. सुमारे ३३ लाख वस्तीचे अख्खे बेट अंधारात गेले. तेथील मोठी वीजकेंद्रे बहुतांशी दक्षिण किनाऱ्याला, तर विजेची मोठी मागणी उत्तरेच्या राजधानीत. मधल्या डोंगरांवरून वीज वाहून नेणाऱ्या तारा कोसळल्या. पूर्ण बेटाला पुन्हा वीज मिळेपर्यंत जवळजवळ अकरा महिने गेले. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ अंधार म्हणून त्याची नोंद झाली आहे.

रोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? २०११ साली सोडलेला एक उपग्रह रोज मध्यरात्रीनंतर पृथ्वीवरच्या दिव्यांचे चित्र घेतो. ते चित्र तसेच्या तसे कामाचे नसते. त्यात चंद्राचा प्रकाश मिसळलेला असतो, ढग आडवे येतात, झाडांची पाने उजेड झाकतात. हे सारे बाजूला काढून, उरलेला माणसाचा उजेड वस्त्यांच्या नकाशावर बसवून, त्यांनी रोजच्या रोज कोणत्या वस्तीत किती दिवे परतले ते मोजले, आणि जनगणनेच्या आकड्यांशी त्याची सांगड घातली. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वादळानंतर बेटावरचा एकूण उजेड ८० टक्क्यांनी घटला होता. चार महिन्यांहून अधिक काळ टिकलेला अंधार शहरी नगरपालिकांपैकी २९ टक्क्यांच्या वाट्याला आला, तर ग्रामीण नगरपालिकांपैकी ४१ टक्क्यांच्या. हे कदाचित अपेक्षितच होते. पण त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकाच शहरातही काही वस्त्या लवकर उजळल्या आणि काही फार उशिरा. जेथे घरे दाट होती तेथे वीज आधी आली, जेथे घरे सुटी-सुटी होती तेथे उशिरा. आणि अनेक शहरांत अशा सुट्या घरांत राहणारे लोक गरीब होते. म्हणजे अंधार सोसण्याची ताकद ज्यांच्याकडे सर्वांत कमी, त्यांनाच तो सर्वांत जास्त सोसावा लागला. तक्रार म्हणून ही गोष्ट पूर्वीही कोणी बोलले असेल. आता ती मोजून सिद्ध झाली, आणि मोजलेली गोष्ट नाकारणे कठीण असते.

याच बेटावरचा दुसरा अभ्यास अधिक गंभीर आहे. वादळानंतर कित्येक महिने मृतांचा सरकारी आकडा ६४ होता. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या ३,२९९ घरी जाऊन चौकशी केली. सरासरीने एका घराने ८४ दिवस विजेवाचून, ६८ दिवस पाण्यावाचून आणि ४१ दिवस मोबाइलवाचून काढले होते. त्या वर्षअखेरपर्यंत नेहमीपेक्षा ४,६४५ मृत्यू अधिक झाले असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. घरे मोजकीच असल्याने हा अंदाज सैल होता. खरा आकडा ७९३ ते ८,४९८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. विद्यार्थ्यांनी हा प्रामाणिकपणा ध्यानात ठेवावा. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने नोंदी तपासून २,९७५ हा अंदाज दिला आणि तेथील सरकारने तो मान्य केला. कोठे ६४ आणि कोठे २,९७५!

ही माणसे छपराखाली चिरडून गेली नव्हती. हार्वर्डच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश मृत्यू उपचार उशिरा मिळाल्यामुळे किंवा मध्येच तुटल्यामुळे झाले होते. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते. डायलिसिसला वीज लागते आणि पाणीही लागते. मधुमेहाचे इन्सुलिन थंड ठेवावे लागते. वारा थांबल्यावर, आकाश निरभ्र झाल्यावर, केवळ अंधारामुळे माणूस जाऊ शकतो. आपल्या गावांत जवान मुले मुंबईला, पुण्याला आणि आखातात, आणि घरी वडीलधारी माणसे व त्यांची औषधे. ही गोष्ट आपल्याला लागू पडत नाही असे कोणी म्हणू नये.

मग उपाय कोणता? सर्व खांब इतके भक्कम करा की कोणतेच वादळ त्यांना पाडू शकणार नाही, असे कोणी म्हणेल. ते परवडणारे नाही. या शास्त्रात म्हणून दोन गोष्टींचा विचार एकत्र करतात. एक, धक्का बसला तर किती मोडले. आणि दोन, मोडलेले किती दिवसांत सावरले. समजा, एका गावात वादळाने सगळी घरे अंधारात गेली, पण तीन दिवसांत वीज आली. दुसऱ्या गावात निम्मीच घरे अंधारात गेली, पण ती ३० दिवस तशीच राहिली. पहिल्या गावात दर घरी तीन दिवसांचा अंधार पडला, दुसऱ्यात सरासरीने पंधरा दिवसांचा. वरवर पाहता पहिल्या गावाचे नुकसान मोठे होते, पण सोसले दुसऱ्या गावाने. मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली भूकंपाच्या संदर्भात हा हिशोब मांडला, आणि आज तो वादळ व वीज यांनाही लावतात. सावरण्याची ताकद चार गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांनी म्हटले: मजबुती, पर्यायी वाट, साधनांची हुशारीने जुळवाजुळव आणि वेग.

या चार गोष्टी आपल्या गावाच्या भाषेत सांगतो. मजबुती म्हणजे गंजलेले खांब पावसाळ्यापूर्वी बदलणे, तारांवर आलेल्या फांद्या छाटणे आणि मोक्याच्या जागी वाहिनी जमिनीखाली घालणे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबागेत भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले, ते याचसाठी. मात्र भूमिगत वाहिनीचा खर्च कितीतरी पट अधिक असतो आणि तीत बिघाड झाला तर तो शोधायला वेळ लागतो. म्हणून ती सर्वत्र घालता येत नाही. इस्पितळ, पाणीयोजना आणि बाजारपेठ यांचा विचार आधी करावा लागतो. पर्यायी वाट म्हणजे गावाला दोन बाजूंनी वीज मिळण्याची सोय, एक तुटली तर दुसरी. जुळवाजुळव म्हणजे कोणाच्या घरी काय अडचण आहे आणि कोणाच्या हाती कोणते काम आहे, याची आधीच असलेली माहिती. आणि वेग म्हणजे जवळपास साठवून ठेवलेले खांब व तारा, आणि काम जाणणारी माणसे. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या आणि वीज कंपनीच्या हाती आहेत. त्या आपण मागत राहिले पाहिजे. उरलेल्या दोहोंत आपला वाटा आहे.

प्वेर्तो रिकोच्या डोंगराळ भागात आदहुंतास नावाचे छोटे गाव आहे. तेथे 'कासा पुएब्लो', म्हणजे गावाचे घर, या नावाची लोकांनी चालविलेली संस्था आहे. १९९९ सालीच तिने आपल्या इमारतीवर सौरतावदाने बसविली होती. 'मारिया'नंतर सारा परिसर काळोखात असताना ही इमारत उजळलेली राहिली. आजूबाजूचे लोक तेथे उपचाराची यंत्रे चालवायला आणि फोन चार्ज करायला येऊ लागले. वादळाच्या आधी अठरा वर्षे केलेली तयारी त्या दिवशी उपयोगी पडली. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखले गेले, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक तगले. तवक्कल आणि तयारी यांत विरोध नाही, हेच त्यातून आपण शिकतो.

आपल्याही प्रत्येक गावात एक शाळा, एक मदरसा किंवा एक जमातखाना आहे. त्यांपैकी एक तरी इमारत वादळानंतर उजळलेली राहील, असे आपण ठरवू शकतो. एक सावधगिरीची सूचना मात्र देतो. छपरावर सौरतावदाने बसविली की वीज गेली तरी दिवे चालू राहतील, असा पुष्कळांचा समज असतो. नेहमीची, थेट वीज कंपनीच्या तारेला जोडलेली सौरयंत्रणा तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनविलेली असते. अंधारात उपयोगी पडायची असेल तर सोबत बॅटरी आणि तशा प्रकारचा इन्व्हर्टर हवा, आणि सांगाडा वादळी वाऱ्याचा हिशोब करून घट्ट बांधलेला हवा. देणगी देणाऱ्यांनी हे विचारूनच पैसे द्यावेत.

दुसरे काम बिनखर्चाचे आहे. प्रत्येक जमातीने मे महिन्यात एक यादी करावी. कोणत्या घरी प्राणवायूचे यंत्र आहे, कोण डायलिसिसला जाते, कोण इन्सुलिन घेते, कोण एकटे राहते. ही यादी करताना मोहल्ल्याची हद्द पाहू नये. शेजारच्या वाडीतले आणि पलीकडच्या पाड्यातले घरही त्यात असावे, कारण एका रोहित्रावरचा अंधार जातपात विचारीत नाही. ही यादी तलाठ्याकडे, आरोग्यकेंद्रात आणि वीज कार्यालयात आधीच पोचली, तर शेवटच्या खांबावरच्या घराला निदान नाव तरी मिळेल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तिसरे काम तुमचे. वीज किती वेळ गेली याची सरासरी वीज कंपन्या काढतात, पण सरासरीत टोकाचे घर दिसत नाही. शिवाय मोठ्या वादळाचे दिवस त्या हिशोबातून वेगळे काढण्याची पद्धत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून एक साधी वही घाला. वीज गेली ती तारीख व वेळ, आली ती वेळ, किती घरे अंधारात होती, आणि कारण कळले असेल तर ते. भूगोलाच्या शिक्षकांनी गावाचा नकाशा काढून त्यावर खांब व रोहित्रे दाखवावीत. दोन वर्षांची अशी वही घेऊन गावकरी वीज कार्यालयात गेले, तर बोलणे निराळे होईल. रोमान यांनी उपग्रहाने केले, तेच काम तुम्ही पेन्सिलीने कराल.

पालकांना शेवटची विनंती. आपल्या समाजातील कितीतरी मुले इलेक्ट्रिशियन म्हणून आखातात नाव काढतात. तेच कौशल्य इथेही हवे आहे. आयटीआयमधील वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम कमी दर्जाचे समजू नका. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी विद्युत अभियांत्रिकीत जावे, संख्याशास्त्रात जावे, हवामानशास्त्रात जावे. आणि हे सांगताना मी मुलींना वगळीत नाही. आज ज्यांनी पहिल्या क्रमांकाची बक्षिसे घेतली त्यांत मुलीच अधिक आहेत, हे मी पाहिले. अंधार मोजायला गणित लागते, आणि गणिताला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नाही.

अरबी समुद्रातील वादळे यापुढेही येत राहतील. वारा अडविणे आपल्या हाती नाही. अंधार किती दिवस राहू द्यायचा, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या इल्मवर आणि आपल्या तयारीवर आहे. अल्लाहतआला आपल्या मुलांना तो इल्म देवो आणि तो शेवटच्या घरापर्यंत नेण्याची तौफिक देवो, हीच दुआ.